विंचू कोणी उतरवला?

मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्या, की बालाघाटाच्या डोंगरातल्या वाड्यावस्त्यांवर एक जुनी धास्ती परत येते. गोवऱ्यांची रास, कडब्याची गंज, अंगणातली दगडांची उतरंड, घरामागचा लाकूडफाटा! सहज हात घालावा आणि मस्तकापर्यंत ठणका जावा. 'विंचू!'

मग धावाधाव सुरू होते. कोणी कांदा चोळतो, कोणी चुना लावतो, कोणी फडके आवळून बांधतो आणि एकजण विंचू उतरवणाऱ्याला बोलवायला पळतो. तो येतो, काही पुटपुटतो, राख फुंकतो. तास-दोन तासांत ठणका ओसरतो. 'उतरला!' म्हणून सगळे सुटकेचा श्वास टाकतात.

विद्यार्थी मित्रांनो, हा विंचू खरोखर कोणी उतरवला?

समजा, बीड जिल्ह्यातल्या एका शाळेत नववीतल्या मुलीने विज्ञान प्रदर्शनासाठी हाच प्रश्न घेतला. तिने मोठ्या उत्साहाने पहिले वाक्य लिहिले : 'विंचू मंत्राने उतरत नाही.' विज्ञानाच्या सरांनी वही पाहिली आणि विचारले, "हे तुला कसे कळले?"

"सर, मंत्रात शक्ती नसते ना!"

"हे तुझे मत झाले. शेजारच्या आजीचे मत याच्या उलट आहे. दोघींपैकी कोणाचे खरे मानायचे? आजवर विंचूदंशावर कोणी काय पाहिले, काय मोजले, कोणते औषध दिले आणि काय झाले, ते आधी शोधून वाच. मग लिही."

सरांनी त्या मुलीला जे काम सांगितले, त्याला संशोधनाच्या भाषेत 'पूर्वसंशोधनाचा आढावा' म्हणतात. प्रत्येक शास्त्रज्ञाला प्रयोगशाळेत शिरण्याआधी हे काम करावे लागते. त्याला सूक्ष्मदर्शक लागत नाही, परीक्षानळी लागत नाही. वही, पेन्सिल, थोडी चिकाटी आणि पुष्कळसा प्रामाणिकपणा एवढे पुरते. हे काम कसे करायचे, ते आपण त्या मुलीबरोबरच शिकू या.

आढावा म्हणजे निबंध नव्हे

'माझा आवडता ऋतू' हा निबंध तुम्ही मनाने लिहिता. आढावा मनाने लिहिता येत नाही. चार पुस्तकांतले उतारे एकाखाली एक चिकटवले, तरी तोही आढावा होत नाही. एखाद्या नेमक्या प्रश्नावर आजवर झालेले काम शोधणे, ते पारखणे, एकमेकांशी ताडून पाहणे आणि 'इतके नक्की कळले आहे, इतके अजून कळायचे आहे' असे सांगणे, म्हणजे आढावा.

ही रीत आपल्याकडे अनोळखी नाही. आपल्या शास्त्रग्रंथांत आधी 'पूर्वपक्ष' मांडत, म्हणजे दुसऱ्याचे म्हणणे नीट सांगत. मग 'उत्तरपक्ष' आणि शेवटी 'सिद्धान्त'. भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणिता'च्या शेवटी ब्रह्मगुप्त, श्रीधर आणि पद्मनाभ यांच्या ग्रंथांचा उल्लेख केला आहे. ते फार विस्तृत असल्याने आपण त्यांचे सार काढले, असे ते सांगतात. पण त्यांनी पूर्वीच्या गणितींपुढे नुसती मान डोलावली नाही. लल्ल या गणितीने गोलाच्या पृष्ठफळासाठी वर्तुळाचे क्षेत्रफळ गुणिले परीघ असा नियम दिला होता. भास्कराचार्यांनी तो चूक असल्याचे स्पष्ट दाखवले.

तुम्हीही पडताळून पाहा. त्रिज्या ७ सेंटीमीटर घ्या. वर्तुळाचे क्षेत्रफळ सुमारे १५४ चौरस सेंटीमीटर आणि परीघ ४४ सेंटीमीटर. लल्लाच्या नियमाने उत्तर येते ६,७७६, आणि एककही चौरस न राहता घन होते! खरे पृष्ठफळ परीघ गुणिले व्यास, म्हणजे ४४ गुणिले १४, अर्थात ६१६ चौरस सेंटीमीटर. मोठ्यांचे वाचायचे, त्यांचे ऋण मानायचे आणि तरीही हिशेब स्वतः करून पाहायचा. आढाव्याचा आत्मा हाच.

पहिली पायरी : प्रश्नाला टोक काढा

त्या मुलीने आधी विषय लिहिला होता 'विंचू'. हा विषय नव्हे, हा समुद्र! विंचवाची शरीररचना, जाती, पिल्ले पाठीवर वाहून नेण्याची सवय, अतिनील प्रकाशात त्याचे अंग हिरवट-निळे चमकणे... एकेका गोष्टीवर आयुष्य जाईल.

सरांनी तिला चार प्रश्न विचारले. माणसे कोणती? उपचार कोणता? तुलना कशाशी? आणि मोजायचे काय? त्यांची उत्तरे शोधता शोधता तिचा विषय असा झाला : 'लाल विंचू चावून प्रकृती गंभीर झालेल्या रुग्णांना कोणत्या उपचाराने लवकर बरे वाटते व त्यांचे प्राण वाचतात?' आता प्रश्नाला टोक आले. भोवऱ्याला टोक नसेल तर तो फिरत नाही.

दुसरी पायरी : शोधायचे कुठे आणि कोणत्या नावाने?

आपल्या शाळेच्या ग्रंथालयात विंचवावर फार तर एखादे प्रकरण सापडेल. ते जरूर वाचा. शब्द ओळखीचे होतात. पण पाठ्यपुस्तकातली माहिती म्हणजे आडातून पोहऱ्यात आलेले पाणी. आपल्याला आडापर्यंत जायचे आहे. हा आड म्हणजे शोधनिबंध. ज्याने काम केले त्याने स्वतः लिहिलेला, इतर जाणकारांनी तपासलेला आणि शोधपत्रिकेत छापलेला लेख.

पूर्वी असे लेख शोधणे फार कष्टाचे होते. वैद्यकातल्या लेखांची 'इंडेक्स मेडिकस' नावाची जाडजूड सूची अमेरिकेत १८७९ साली सुरू झाली. मोठ्या वैद्यकीय ग्रंथालयात तिचे खंडच्या खंड असत आणि एकेक वर्ष चाळावे लागे. आता ती सूची 'पबमेड' या नावाने संगणकावर विनामूल्य पाहता येते. शाळेतल्या संगणकावर किंवा सरांच्या मोबाईलवरही ती उघडते. प्रत्येक लेखाचा पूर्ण मजकूर मिळेलच असे नाही, पण बहुतेकांचा गोषवारा मिळतो. आपल्या जिल्ह्यात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. एखादा शब्द अडला, तर शिक्षकांच्या मदतीने तिथल्या एखाद्या प्राध्यापकांना पत्र लिहून विचारता येईल.

पण इथे एक गंमतीचा अडथळा आहे. आपला लाल विंचू एकच, पण त्याची शास्त्रीय नावे अनेक! फॅब्रिशियस या शास्त्रज्ञाने १७९८ साली त्याचे नामकरण केले. पुढे अनेक वर्षे डॉक्टर त्याला 'बुथस टॅम्युलस' म्हणत. नंतर तो 'मेसोब्युथस टॅम्युलस' झाला, आणि आता प्राणिशास्त्रज्ञ त्याला 'होटेन्टोटा टॅम्युलस' म्हणतात. केवळ नव्या नावाने शोधणाऱ्याला जुने लेख सापडणारच नाहीत, आणि 'यावर पूर्वी काही कामच झालेले नाही' असे तो खुशाल लिहून मोकळा होईल! म्हणून शोध सुरू करण्याआधी वहीच्या एका पानावर नावांची यादी करा : जुनी नावे, नवी नावे, बोलीतली नावे, रोगाची नावे, औषधांची नावे. कोणत्या दिवशी कोणते शब्द टाकून शोधले आणि किती लेख सापडले, हेही टिपून ठेवा. दुसऱ्या कोणी तुमच्याच पावलांवरून चालत गेले, तर त्यालाही तेच लेख मिळाले पाहिजेत.

एक चांगला लेख हाती लागला, की त्याच्या शेवटी दिलेली संदर्भांची यादी वाचा. तीत त्याच्या आधीचे लेख असतात. मग त्या लेखांच्या याद्या. असे मागे मागे जाता येते. उसाचे एक बेट उपटले की मुळ्यांचे जाळे वर येते, तसेच हे.

आणखी एक सावधगिरी. आजकाल प्रश्न विचारताच झरझर उत्तर लिहून देणारे संगणकाचे कार्यक्रम आले आहेत. ते कधी कधी अगदी खरे वाटणारे, पण कधीच कोणी न लिहिलेले लेखही दाखल्यादाखल सांगतात. म्हणून नियम एकच : जो कागद आपण स्वतः उघडून पाहिला नाही, त्याचा दाखला द्यायचा नाही.

महाडच्या डॉक्टरांची वही

शोध घेताना त्या मुलीला एक नाव पुनःपुन्हा दिसू लागले : बावस्कर. डॉ. हिंमतराव बावस्कर हे आपल्या शेजारच्या जालना जिल्ह्यातल्या, भोकरदन तालुक्यातील देहेड गावचे. वैद्यकीय शिक्षण घेऊन १९७६ साली ते महाड तालुक्यातल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातल्या त्या भागात लाल विंचू भरपूर. रुग्ण यायचे ते दरदरून घाम फुटलेले, उलट्या होत असलेले, हातपाय बर्फासारखे गार पडलेले. काही तासांतच श्वास लागायचा, फुफ्फुसात पाणी भरायचे आणि धडधाकट माणूस डोळ्यांदेखत जायचा.

हाताशी मोठी प्रयोगशाळा नव्हती. डॉक्टरांनी दोन गोष्टी केल्या. रुग्णाच्या खाटेजवळ बसून नाडी, रक्तदाब, घाम, उलटी यांच्या नोंदी ठेवल्या, आणि जगात विंचूदंशावर काय लिहिले गेले आहे ते मिळवून वाचले. १९८२ साली 'लॅन्सेट' या ब्रिटनच्या नामांकित वैद्यकीय साप्ताहिकात त्यांचा लेख आला. पुढे हृदयावर कोणते संकट येणार आहे, हे सुरुवातीच्या कोणत्या लक्षणांवरून ओळखावे, ते त्यात सांगितले होते.

वाचनातून आणि नोंदींतून एक चित्र तयार झाले. विंचवाच्या विषामुळे मज्जातंतूंमधली सोडियमची दारे बंदच होईनात, असे होते. तंतू उगाचच संदेश पाठवत राहतात. शरीरात अॅड्रेनलिन आणि नॉरअॅड्रेनलिन यांचा पूर येतो. रक्तवाहिन्या आवळल्या जातात, रक्तदाब भडकतो, हृदयावर असह्य ताण पडतो आणि मग फुफ्फुसात पाणी साचते. हा पूर ज्या ठिकाणी जाऊन आदळतो, त्यांना 'अल्फा ग्राहक' म्हणतात. आता हे ग्राहकच झाकून टाकले तर? असे करणारे एक औषध बाजारात होते. त्याचे नाव प्राझोसिन. वाढलेल्या रक्तदाबासाठी दिली जाणारी ती एक साधी गोळी! विंचूदंशासाठी मात्र ती वापरात नव्हती. डॉ. बावस्करांनी ती वापरली. डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांच्यासह लिहिलेली याविषयीची हकिगत १९८६ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. पूर्वी गंभीर रुग्णांपैकी शेकडा तीसच्या आसपास दगावत. प्राझोसिन आल्यावर हे प्रमाण अगदी थोड्यावर आले. २०२२ साली डॉ. हिंमतराव बावस्करांना 'पद्मश्री' मिळाली.

इथे ध्यानात घेण्याची गोष्ट अशी. नवे औषध शोधावे लागले नाही. विषाचे काम एका कागदावर होते, गोळीचे काम दुसऱ्या कागदावर होते. दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहणारा कोणीतरी हवा होता, आणि तो खाटेजवळ बसलेला हवा होता.

तिसरी पायरी : एका लेखाला एक कार्ड

वाचलेले लक्षात राहते, हा आपला गोड गैरसमज असतो. म्हणून पोस्टकार्डाएवढे जाड कागद कापून घ्या. एका लेखाला एक कार्ड. त्यावर आठ ओळी लिहा : कोणी, केव्हा, कुठे, कोणता विंचू, किती रुग्ण, काय दिले, तुलना कशाशी, काय आढळले. मागच्या बाजूला स्वतःची शंका लिहा.

त्या मुलीला पुढे प्रश्न पडला : विंचवाची प्रतिविषलस उपयोगी आहे का? आपल्याकडे लाल विंचवाच्या विषावरची लस मुंबईच्या हाफकिन संस्थेने तयार केली आहे. तिच्या हाती तीन कार्डे आली.

पहिले कार्ड ट्युनिशियाचे, १९९९ सालचे. ८२५ रुग्ण. काहींना प्रतिविष दिले, काहींना नुसते दिसायला तसेच पण औषध नसलेले इंजेक्शन. दोन्ही गटांत फरक आढळला नाही.

दुसरे कार्ड अमेरिकेचे, २००९ सालचे. गंभीर लक्षणे असलेली अवघी १५ मुले. ज्या ८ जणांना प्रतिविष मिळाले, ती सगळी चार तासांत लक्षणमुक्त झाली. ज्या ७ जणांना ते मिळाले नाही, त्यांच्यापैकी फक्त एक.

तिसरे कार्ड महाडचे, २०११ सालचे, डॉ. बावस्कर पतिपत्नींचेच. ७० रुग्ण. निम्म्यांना प्राझोसिन आणि प्रतिविष, निम्म्यांना केवळ प्राझोसिन. दहा तासांत पूर्ण बरे झालेले, पहिल्या गटात ३५ पैकी ३२ आणि दुसऱ्या गटात ३५ पैकी ८.

मुलगी गोंधळली. "सर, एक म्हणतो उपयोग नाही, दोघे म्हणतात आहे. दोन विरुद्ध एक. म्हणजे उपयोग आहे, असे लिहू?"

चौथी पायरी : मते मोजू नका, कारण शोधा

सर हसून म्हणाले, "अगं, ही ग्रामपंचायतीची निवडणूक नाही. कार्डे पुन्हा वाच. तिघांनी एकच प्रश्न विचारला होता का?"

नीट पाहिल्यावर उलगडा झाला. ट्युनिशियात विंचू चावलेला जो जो आला, त्याला सौम्य-गंभीर असा भेद न करता प्रयोगात घेतले होते. ज्यांना मुळातच फारसे काही झालेले नव्हते, ते प्रतिविषावाचूनही बरे होणारच होते. अमेरिकेत मात्र गंभीर मुलेच घेतली होती. महाडलाही विषाचा अंगभर परिणाम दिसू लागलेले रुग्णच निवडले होते. शिवाय तिन्ही देशांतले विंचू वेगळ्या जातींचे, त्यांची विषे वेगळी, प्रतिविषेही वेगळी. म्हणजे हे लेख एकमेकांशी भांडत नव्हते. 'चावला की प्रत्येकाला टोचा' याला आधार मिळत नाही, आणि 'विषाची लक्षणे दिसू लागलेल्यांना वेळेवर दिल्यास लवकर बरे वाटते' याला मिळतो. ही दोन्ही वाक्ये एकदम खरी असू शकतात.

तिने कार्डांच्या पाठीवर शंकाही लिहिल्या. अमेरिकेतली मुले फारच थोडी. महाडचा प्रयोग एकाच रुग्णालयातला, आणि कोणाला काय दिले हे डॉक्टर व रुग्ण दोघांनाही ठाऊक होते. ज्यांच्या कामाबद्दल आपल्याला आदर आहे, त्यांच्या कार्डावरही शंका लिहायची असते. यात त्यांचा अपमान नाही.

आपल्याला न पटणारा पुरावा दिसला, की तो ताबडतोब टिपून ठेवायचा, अशी चार्ल्स डार्विनची सवय होती. सोयीच्या गोष्टी लक्षात राहतात आणि गैरसोयीच्या पटकन विसरल्या जातात, हे त्याने ओळखले होते. आढावा लिहिणाऱ्याने ही सवय जरूर उचलावी.

मूळ कागद पाहा : खजाना विहिरीचे एक वर्ष

ऐकीव दाखला कसा फसवतो, त्याचे आपल्या गावाजवळचेच उदाहरण घ्या. बीड शहराबाहेरची खजाना विहीर तुम्ही पाहिली असेल. अहमदनगरच्या निजामशाहीतल्या सलाबतखानाच्या काळातली ही विहीर. तिच्यातले पाणी जमिनीखालच्या कालव्याने दूरवरच्या शेतीला पोहोचवलेले. तिचे बांधकामाचे साल कोणते? एका ठिकाणी १५७२ वाचायला मिळते, दुसरीकडे 'हिजरी ९९१, म्हणजे इ.स. १५८२'.

कोणते खरे? निदान दुसरा दाखला स्वतःशी जुळतो का, हे तर आपण पाहू शकतो. हिजरी सन इ.स. ६२२ च्या जुलैत सुरू झाला. हिजरी वर्ष चांद्र, सुमारे ३५४.३७ दिवसांचे. ९९१ वे वर्ष सुरू होईपर्यंत ९९० वर्षे संपली. म्हणजे सुमारे ३,५०,८२६ दिवस. त्यांना ३६५.२४ ने भागा. येतात जवळजवळ ९६०.५ सौरवर्षे. ६२२ च्या मध्यात ती मिळवा, की आपण १५८३ च्या जानेवारीत पोहोचतो. म्हणजे हिजरी ९९१ हे साल बरोबर असेल, तर १५८२ बरोबर असू शकत नाही! कोणीतरी एकदा रूपांतर करताना चुकले आणि पुढच्यांनी ते तसेच उतरवून घेतले. फरक एका वर्षाचाच. पण औषधाच्या मात्रेत असा फरक पडला असता तर?

पाचवी पायरी : लिहायचे कसे?

नवशिके हटकून एक चूक करतात. 'अमक्यांनी १९९९ साली असे केले. तमक्यांनी २००९ साली तसे केले. आणखी एकांनी २०११ साली...' ही झाली कार्डांची मोजदाद. ती वाचून कोणाला काही कळत नाही.

कार्डे टेबलावर पसरा आणि ती माणसांप्रमाणे न लावता मुद्द्यांप्रमाणे लावा. विष काय करते, हा एक गठ्ठा. गंभीर रुग्ण ओळखायचा कसा, हा दुसरा. प्राझोसिन, हा तिसरा. प्रतिविष, हा चौथा. अजून न सुटलेले प्रश्न, हा पाचवा. प्रत्येक गठ्ठ्याचा एक परिच्छेद. परिच्छेदाच्या पहिल्या वाक्यात मुद्दा सांगा, मग पुरावे, मग विरोधी पुरावे आणि शेवटी तुमचा निष्कर्ष. वाक्ये स्वतःची असू द्या. दुसऱ्याचे वाक्य जसेच्या तसे उचलणे म्हणजे चोरी. आणि पुराव्यापेक्षा आवाज मोठा करू नका. पंधरा मुलांवरून 'सिद्ध झाले' म्हणायचे नाही. 'असे दिसते' म्हणायचे.

इतका खटाटोप कशासाठी?

कोणी म्हणेल, जुने कागद चाळून काय मिळणार? त्याला ही हकिगत सांगा. १९५० च्या दशकापासून पाश्चात्त्य देशांत बालसंगोपनाच्या गाजलेल्या पुस्तकांतून तान्ह्या बाळाला पालथे झोपवा, असा सल्ला दिला जाऊ लागला. दिसायला अगदी शहाणपणाचा. झोपेतच अचानक दगावणाऱ्या बाळांची संख्या वाढली, पण तिचा संबंध कोणी या सल्ल्याशी जोडला नाही. ब्रिटनमध्ये 'बाळाला उताणे झोपवा' ही मोहीम निघाली ती १९९१ साली.

पुढे २००५ साली संशोधकांनी या विषयावरचे जुने सगळे लेख सालवार लावून तपासले. त्यांना आढळले ते सुन्न करणारे होते. पालथे झोपवणे धोक्याचे आहे, हे सांगायला पुरेसा पुरावा १९७० सालापर्यंतच छापला गेला होता! तेव्हाच कोणी ते लेख एकत्र करून वाचले असते, तर त्यांच्या अंदाजाप्रमाणे एकट्या ब्रिटनमध्ये १०,००० हून अधिक, आणि युरोप, अमेरिका व ऑस्ट्रेलियाकडच्या देशांत मिळून किमान ५०,००० बाळे वाचली असती. उत्तर छापलेले होते. ग्रंथालयांत होते. फक्त एकत्र केलेले नव्हते.

तर मग विंचू कोणी उतरवला?

आपल्या मुलीचा आढावा पुरा झाला. तिने शेवटी असे लिहिले : बहुतेक विंचूदंशांत विष थोडे असते किंवा विंचू कमी विषारी असतो. अशा वेळी ठणका काही तासांत आपोआपच ओसरतो. त्या वेळात कांदा चोळा, राख फुंका किंवा नुसते बसून राहा, श्रेय समोर असेल त्याला मिळते. लाल विंचवाचे विष अंगभर भिनले, तर मात्र घाम, उलट्या, गार पडलेले हातपाय ही लक्षणे दिसू लागतात. ठणका फार म्हणजे धोका फार, असेही नाही. ठणका बेताचा आणि धोका मोठा, असे होऊ शकते. अशा रुग्णासाठी पहिले काही तास सोन्याचे. ते उतरवणाऱ्याच्या ओट्यावर गेले, की प्राझोसिन आणि प्रतिविष यांना काम करायला वेळच उरत नाही. म्हणून विंचू चावला की, आणि विशेषतः लहान मुलाला चावला की, वाट न पाहता सरकारी दवाखान्यात न्यावे.

तिचे पहिले वाक्य होते, 'विंचू मंत्राने उतरत नाही.' निष्कर्ष फारसा बदलला नाही. पण पहिल्या वाक्यावर आजी रागावली असती. हा आढावा तिने आजीला वाचून दाखवला तेव्हा आजीने सगळा ऐकला, आणि शेवटी एवढेच विचारले, "ती गोळी आपल्या दवाखान्यात असते का गं?"

मुलीला उत्तर माहीत नव्हते. दुसऱ्या दिवशी ती सरांना घेऊन आरोग्य केंद्रात विचारायला गेली.

तुम्हीही करून पाहा : या सुट्टीत चौघांचा गट करा आणि आपल्या गावाशी जोडलेला एकच प्रश्न निवडा. विहिरीच्या पाण्यातल्या फ्लोराइडने दात का डागाळतात? भास्कराचार्यांचे विज्जलविड म्हणजे आपले बीड, असे काही अभ्यासक म्हणतात आणि काहींना ते मान्य नाही. दोघांचे पुरावे कोणते? किमान दहा कार्डे भरा. त्यांतले निदान एक कार्ड तुमच्या मताच्या विरुद्ध असले पाहिजे. तसे एकही सापडले नाही, तर शोध अपुरा राहिला असे समजा आणि पुन्हा नावांच्या यादीकडे जा.